पाच तास, बत्तीस मिनिटे, चौतीस सेकंद

मॅरेथॉनच्या इतिहासात जे आकडे पुनःपुन्हा उद्धृत होतात, ते साहजिकच सव्वादोन तासांच्या अलीकडचे असतात. परंतु ज्या एका आकड्याने गेली कित्येक वर्षे माझा पिच्छा सोडलेला नाही तो ५ तास ३२ मिनिटे ३४ सेकंद असा आहे. ही वेळ नोंदवणारा गृहस्थ साठ वर्षांचा होता, अवघ्या पावणेतीन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत कर्करोग असल्याचे निदान झाले होते, आणि ज्या शर्यतीत तो धावत होता ती त्याने स्वतःच्या हिकमतीने उभी केली असूनही तिचा पाच उपनगरांतून जाणारा मार्ग तोवर त्याने एकदाही धावून पाहिलेला नव्हता. तारीख १ नोव्हेंबर १९९२, स्थळ न्यूयॉर्क, आणि गृहस्थाचे नाव फ्रेड लीबो.

मॅरेथॉनचा पूर्वेतिहास सांगणे अशा लेखात क्रमप्राप्तच असते, म्हणून तेवढे उरकून घेतो. ग्रीक दूताची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्पिरिडॉन लुईस याने पहिली शर्यत जिंकली. १९०८ साली लंडनला राजघराण्याच्या सोयीने अंतर ठरले. आणि १९२१ साली ४२.१९५ किलोमीटर हेच प्रमाण म्हणून कायम झाले. इतके पुरे.

लीबोचे मूळ नाव फिशेल लेबोविट्झ. रुमानियातील अराद येथे एका सनातनी ज्यू कुटुंबात ३ जून १९३२ रोजी त्याचा जन्म झाला, आणि महायुद्धानंतर मायदेश सोडून युरोपातून वाट काढीत तो अखेर अमेरिकेस पोहोचला. मॅनहॅटनच्या कापडबाजारात उंची पोशाखांच्या स्वस्त नकला काढण्याचा त्याचा व्यवसाय होता, आणि टेनिस खेळताना दम टिकावा एवढ्याच माफक हेतूने तो सेंट्रल पार्कमधील जलाशयाभोवती धावू लागला. टेनिस लवकरच सुटले. १३ सप्टेंबर १९७० रोजी पार्कातच चकरा मारून जी पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन झाली, तिची प्रवेश फी एक डॉलर होती, १२७ जण धावावयास उभे राहिले, त्यांतील ५५ जणांनीच ती पुरी केली आणि बक्षिसे म्हणून स्वस्त मनगटी घड्याळे व दुसऱ्याच खेळांच्या स्पर्धांतून उरलेले जुने चषक वाटण्यात आले. संयोजक लीबो स्वतः पंचेचाळिसावा आला.

पुढे १९७६ साली अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून ही शर्यत पार्काबाहेर काढून शहराच्या पाचही उपनगरांतून नेण्याची तजवीज झाली. कल्पना दुसऱ्यांची होती, लीबो प्रथम तिच्याविषयी साशंकच होता. पण एकदा पटल्यावर परवाने, पोलीस बंदोबस्त, पूल बंद ठेवण्याचे हुकूम आणि देणगीदारांची मनधरणी या सर्व खटाटोपात त्याने स्वतःला असे काही झोकून दिले की शर्यत आणि लीबो ही दोन नावे लोकांना निरनिराळी उच्चारवेनात. त्याला संत ठरवण्याची मात्र माझी मुळीच तयारी नाही. तो प्रसिद्धीचा हावरा होता. खेळाडूंनी पैसे घेणे निषिद्ध असण्याच्या काळात त्याने नामांकित धावपटूंना आतून पैसे पोहोचते केले. शर्यतीच्या दिवशी आघाडीच्या धावपटूंपुढे चालणाऱ्या मोटारीत उभे राहून कर्ण्यातून ओरडण्यात त्याला परमानंद वाटे. पण १९७२ साली स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी निघावे असा फतवा निघाला आणि सहा स्त्रिया बंदुकीचा बार होऊनही आरंभरेषेवर ठाण मांडून बसल्या, दहा मिनिटांनी पुरुषांबरोबरच उठून धावल्या, तेव्हा हा नाटकी संयोजक त्यांच्या बाजूचा होता हेही त्याच्या खाती जमा केले पाहिजे. पुढे त्याच्याच १९७६ च्या शर्यतीत एक कृत्रिम पायाचा गृहस्थ, डिक ट्रॉम, उतरला व तिच्या शेवटापर्यंत गेला. आणि १९८३ साली या ट्रॉमनेच अपंग धावपटूंसाठी अकिलीस ट्रॅक क्लब स्थापन केला. मागे पडणाऱ्यांसाठी रस्ता उघडा ठेवणे ही लीबोची कदाचित सर्वांत मोठी कामगिरी असावी.

१९९० च्या आरंभी निदान झाले. डॉक्टरांनी तीन ते सहा महिन्यांची मुदत सांगितली. त्या काळी कर्करोगाच्या रुग्णास अंथरुणावर स्वस्थ पडून राहण्याचा उपदेश सर्रास केला जाई. या गृहस्थाने मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यांतून येरझारा घालण्यास आरंभ केला, व किती फेऱ्यांचा एक मैल होतो याचा हिशेब मांडला. रोग काही काळ मागे हटला. आणि तेव्हाच नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झने शब्द दिला, की तुझ्या साठाव्या वर्षी मी तुझ्यासोबत धावेन.

ही ग्रेटे कोण, हे सांगितल्याशिवाय त्या वचनाचे मोल कळणार नाही. ऑस्लो येथील ही शाळामास्तरीण १९७८ साली लीबोच्या निमंत्रणावरून न्यूयॉर्कला आली ती आघाडीच्या स्त्रियांना वेग आखून देण्यासाठी. मॅरेथॉन तिने तोवर कधी धावलेली नव्हती. उत्तरार्धात पाय आणि अंतःकरण दोन्ही जळत असताना ती जिंकली, २ तास ३२ मिनिटे ३० सेकंद अशी स्त्रियांत त्या वेळची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवून जिंकली, आणि अंतिम रेषेपलीकडे नवऱ्यावर बूट भिरकावून ‘पुन्हा कधीच नाही’ असे तिने जाहीर केले. ती पुढे हीच शर्यत आणखी आठ वेळा जिंकली. अशा स्त्रीला साडेपाच तास धावणे म्हणजे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शीघ्र धावणारी पावले मुद्दाम आवरून धरणे, शरीर ज्या लयीसाठी घडवले त्या लयीच्या निम्म्याने चालवणे, आणि प्रत्येक पाऊल जमिनीवर नेहमीहून अधिक वेळ टेकलेले असल्यामुळे गुडघ्यांवर व घोट्यांवर पडणारा अनोळखी भार सोसत राहणे, हे ज्याने स्वतः अनुभवले नाही त्याला सोपे वाटेल. संथ धावणाऱ्याची परीक्षा द्रुत धावणाऱ्यापेक्षा निराळी असते. चपळ माणसाची स्नायूंतली साठवलेली शर्करा विसाव्या मैलाजवळ संपते आणि अंगातून वारे निघून जाते. संथ माणसाची चरबी त्याला अधिक काळ पुरते खरी, पण तो त्यासाठी दुप्पट वेळ उभा असतो, त्याचे जेवण व पाणी दोन्ही मध्येच अपुरे पडते, आणि रस्त्यावरचे लोक पांगू लागले तरी त्याला जायचेच असते. न्यूयॉर्कच्या मार्गावर विसावा मैल ब्रॉन्क्समध्ये लागतो, म्हणजे घर दिसू लागण्याच्या फार आधी.

मी तो मार्ग धावलेलो नाही. माझ्या गुडघ्यांचे आणि माझे कधी पटलेच नाही. पण भाच्याकडे क्वीन्सला मुक्काम असताना मी फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूच्या फूटपाथवर उभा राहून ही शर्यत पाहिली आहे. क्वीन्सबोरो पुलावर प्रेक्षकांना मज्जाव असल्याने तेथे धावपटूंना फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, व तो पूल उतरून मॅनहॅटनमध्ये वळताच कानांवर जी गर्जना कोसळते ती ऐकण्यासाठीच पुष्कळ जण हे सर्व क्लेश सोसतात असे मला सांगण्यात आले. त्याआधी ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग या सनातनी ज्यूंच्या वस्तीत हाच जल्लोष एकाएकी ओसरतो. काळे लांब कोट घातलेली माणसे आपापल्या कामाने रस्ता ओलांडीत असतात. लीबोचे बालपण अशाच घरात गेले होते, म्हणून तो भाग मला सबंध मार्गावर सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. दुपार कलल्यावर फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर आघाडीचे कोणीच नव्हते. कागदी पेल्यांचा चिखल झालेला, पाणी वाटणारे स्वयंसेवक मात्र तेच, आणि छातीवर आपले नाव लिहिलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला गर्दी ते नाव घेऊन हाका मारीत होती. आमच्याकडे मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून भरते, ज्येष्ठ नागरिकांसाठी तीत स्वतंत्र दौड असते, आणि पेडर रोडवर रहिवासी संत्री व बिस्किटे घेऊन उभे असतात. तेव्हा मायेचा हा व्यवहार केवळ अमेरिकनांचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

तर १९९२ च्या त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेचा विली मटोलो २ तास ९ मिनिटे २९ सेकंदांत अंतर कापून मोकळा झाला, त्यानंतर सव्वातीन तासांहून अधिक वेळ लीबो आणि ग्रेटे रस्त्यावर होते. फ्रेड, फ्रेड, असा घोष त्यांच्या सोबतीला चालला होता. वीस वर्षे दुसऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी घालणाऱ्या माणसाला आता लोक त्याच्या नावाने ओढून नेत होते, आणि मला वाटते, आपण उभारलेली यंत्रणा म्हणजे नेमके काय आहे हे त्याला त्याच दिवशी कळले असावे. सेंट्रल पार्कातील अंतिम रेषा त्यांनी हातात हात घालून ओलांडली. दोघेही रडत होते. लीबोने वाकून रेषेचे चुंबन घेतले. ती त्याची एकोणसत्तरावी मॅरेथॉन होती, व शेवटची.

पुढच्या वर्षी, १९९३ साली, ग्रेटेने आणखी एक काम केले. झो कोप्लोविट्झ ही मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकाराने ग्रासलेली बाई कुबड्यांच्या आधारे हीच शर्यत चालत असे, व तिला एक अहोरात्र पुरत नसे. त्या वर्षी ती पोहोचली तेव्हा पदके संपलेली होती. ग्रेटेने हॉटेलवर धाव घेऊन नवरा जॅक याला मिळालेले पदक आणून तिच्या गळ्यात घातले, आणि पुढे कित्येक वर्षे ती तिच्यासाठी अंतिम रेषेवर थांबली.

लीबोचा रोग १९९४ मध्ये उलटला. ९ ऑक्टोबर रोजी त्याचे निधन झाले. पंचविसावी शर्यत जेमतेम चार आठवड्यांवर होती. त्या शर्यतीत मेक्सिकोचा हेर्मान सिल्वा आघाडीवर असताना अगदी शेवटी भलत्याच वळणावर वळला, परत फिरला व तरीही जिंकला, आणि लीबो हयात असता तर हा प्रसंग त्याने जाहिरातीसाठी वापरल्यावाचून सोडला नसता. पार्काच्या नव्वदाव्या रस्त्याकडील प्रवेशद्वाराजवळ त्याचा पुतळा आहे. धावण्याच्या पोशाखात मनगटावरचे घड्याळ पाहणारा. शर्यतीच्या दिवसांत तो तेथून उचलून अंतिम रेषेजवळ नेतात. लीबोच्या नावे धावणारा ‘फ्रेड्स टीम’ हा चमू १९९५ पासून मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील संशोधनासाठी निधी उभारतो.

आणि मग ग्रेटेवरही तेच आले. २००५ साली तिला कर्करोगाचे निदान झाले. रोगाचे नावगाव तिने फारसे उघड केले नाही. २००७ साली तिने नॉर्वेत ‘आक्तिव मोत क्रेफ्त’ ही संस्था स्थापली, आणि रुग्णालयांतच व्यायामाची केंद्रे उघडण्याचा उद्योग आरंभिला. त्या केंद्रांस ‘पुस्तेरोम’ म्हणतात. २०१० साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या परिषदेने रुग्णांनी निष्क्रिय बसू नये व उपचार चालू असतानाही व्यायाम निर्धोक आहे असा अभिप्राय दिला, तेव्हा ग्रेटेची केंद्रे आधीच चालू होती. १९ एप्रिल २०११ रोजी ती सत्तावन्नाव्या वर्षी वारली. पण तिच्या पुस्तेरोमच्या खोल्यांतून केमोथेरपी घेणारे रुग्ण तज्ज्ञ शिक्षकांच्या देखरेखीखाली सायकल चालवतात, चालतात आणि एकमेकांची चौकशी करतात. मुंबई-पुण्याकडे नवे रुग्णालय बांधताना औषधांचे दुकान, उपाहारगृह आणि मोटारींचा तळ यांना नकाशात आधी जागा मिळते. पुस्तेरोमसारख्या एका खोलीची तजवीज करण्यास किती चौरस फूट लागतील, याचा हिशेब एखाद्या वास्तुशिल्पज्ञाने मांडून दाखवावा आणि तो कुठल्या तरी विश्वस्त मंडळापुढे रीतसर ठेवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.