रणगाड्याचा फिटर आणि आपला कारखाना

देवळ्याहून चांदवड, मनमाडमार्गे दक्षिणेला गेले की अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर लागते. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही. मुले तिथे तोफा बघतात. आपल्या कारागीर बांधवांनी मात्र पट्टे, चाके आणि पिना बघाव्यात. टी-९० रणगाडा सुमारे ४६ टनांचा असतो. त्यात तीन जवान बसतात आणि त्यांचा जीव फिटरच्या हाती असतो. लष्करात ही जबाबदारी 'ईएमई' या दलाकडे आहे. 'कर्म ही धर्म' हे त्याचे ब्रीद.

हे काम चालते कसे? पाना हातात घेण्याआधी रणगाडा सपाट जागी उभा करून ब्रेक लावायचा. तोफ रिकामी आहे याची खात्री करायची. वरचा बुरूज कुलूपबंद करायचा, कारण तो फिरला तर मधे सापडलेला हात वाचत नाही. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा. मगच काम.

पट्टा सैल राहिला तर वळणावर चाकावरून उतरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. बोल्टचेही तसेच. कमी आवळला तर हादऱ्याने सुटतो, जास्त आवळला तर ताणून तुटतो. म्हणून अंदाजाने न आवळता मोजून आवळणारा पाना वापरतात. हुनर हातात असते, पण भरवसा मापावर ठेवायचा.

आत प्रत्येक वस्तूला जागा आणि पट्टा ठरलेला असतो. सुटा राहिलेला पाना बुरूज अडकवतो किंवा धक्क्याने जवानाच्या डोक्यात बसतो. म्हणून काम संपले की हत्यारे मोजून परत ठेवतात.

चिंध्याही मोजाव्या लागतात. नळी पुसताना फडके आत राहिले तर गोळा अडतो, दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिना येथे सरावात टी-९० ची नळी फुटून दोन जवान गेले. त्या घटनेचा फडक्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण नळी फुटली तर काय होते ते तिथे दिसले.

कापडाच्या धंद्यातील माणसाला आणखी एक गोष्ट कळेल. रणगाड्यातील जवानाला आगीत टिकणारा पोशाख लागतो. साधे नायलॉन, पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. वेल्डिंगवाल्याने सुती कपडेच घालावेत, ते याचसाठी. ढगळ बाही किंवा गळ्यातला रुमाल तर फिरत्या यंत्राजवळ कुणीच ठेवू नये.

आता आपल्याकडे बघा. मालेगावच्या कारखान्यात माग चालू ठेवून हात घातला जातो. देवळ्याच्या गॅरेजमध्ये जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली ठोकळा न लावता पोरगा शिरतो. "दोन मिनिटांचे काम आहे", असे उस्ताद म्हणतात. त्या दोन मिनिटांत गेलेली बोटे आयुष्यात परत येत नाहीत, आणि त्या बोटांवरच घर चालत असते.

रणगाड्याचे सुटे भाग आपल्याला बनवायचे नसतील, पण तिथली शिस्त घ्यायला पैसे पडत नाहीत. मोटर बंद करावी, स्विचच्या पेटीला कुलूप लावावे आणि किल्ली मालकाकडे न ठेवता दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात द्यावी. शागिर्दाला पहिला धडा हाच द्यावा.