साथीची खबर : संशयावरच द्या, वेळेवर द्या
(लेखमाला : गावाचे आरोग्य – लेखांक 7)

मागच्या लेखांकात आपण पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट आणि ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे, हिरवे कार्ड यांची माहिती घेतली. पाणी कितीही राखले तरी कधी ना कधी आजार गावात शिरतोच. तो शिरला हे आधी कुणाला कळते, त्याने ते कुणाला सांगायचे आणि सांगितल्यावर पुढे काय होते, हे आज समजून घेऊ.

सुरुवात मराठवाड्यातल्याच एका गावापासून करावी लागेल. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घराघरांत उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ पिसवांनी लोक हैराण झाले आणि सप्टेंबरात तापाबरोबर काखेत, जांघेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. तो प्लेग होता. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि देशात पन्नासहून अधिक माणसे दगावली. उंदीर पडतात तेव्हा प्लेग मागे असू शकतो, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण असे काही दिसल्यावर ते ठरलेल्या वाटेने वरपर्यंत पोहोचवणारी आणि तिथे रोज कान देणारी देशव्यापी व्यवस्था नव्हती. या प्लेगनंतर आणि 1996 च्या दिल्लीतल्या डेंग्यूच्या साथीनंतर 1997 मध्ये साथरोग सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये त्याला एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे रूप आले. आज आपल्या देवणी तालुक्यातल्या उपकेंद्रातून जी माहिती वर जाते, ती याच वाटेने.

ही माहिती तीन ठिकाणी जमते. पहिले ठिकाण म्हणजे गाव. आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आरोग्यसेवक घरभेटीत ताप, जुलाब, कावीळ, खोकला अशा लक्षणांची नोंद करतात. आजाराचे नाव त्यांनी सांगावे अशी अपेक्षाच नसते. दुसरे ठिकाण दवाखाना. तिथे डॉक्टर तपासून संशयित आजाराचे नाव लिहितात. तिसरे प्रयोगशाळा, जिथे नमुना तपासून आजार पक्का होतो. तिन्हींची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्यामार्फत जिल्ह्याच्या साथरोग कक्षापर्यंत जाते. पूर्वी हे आठवड्याच्या कागदी तक्त्यांवर चालायचे, आता ते ऑनलाइन भरले जाते.

या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, खबर द्यायला आजार सिद्ध व्हावा लागत नाही. संशय पुरेसा असतो. पाच वर्षांवरच्या एखाद्या माणसाच्या अंगातले पाणी जुलाबाने इतके जावे की तो दगावावा किंवा अत्यवस्थ व्हावा, हे साध्या गॅस्ट्रोत सहसा घडत नाही. म्हणून असा एक रुग्णही धोक्याची सूचना मानतात आणि कॉलऱ्याचा संशय धरून कामाला लागतात. अहवाल येईपर्यंत थांबले, तर तोवर एखादी फुटकी पाइपलाइन तेच दूषित पाणी आणखी शंभर घरांत पोहोचवत राहते. खबर लगेच मिळाली, तर पथक त्याच दिवशी गळती शोधते, पाण्याचे नमुने घेते, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला लावते आणि घरोघरी ओआरएसची पाकिटे देते. एक दिवस आधी कळणे म्हणजे काही घरे आजारातून वाचणे, इतका हा सरळ हिशेब आहे.

‘आमच्याकडे एकही रुग्ण नाही’ हेही कळवावे लागते. पुष्कळांना हे निरर्थक कागदी काम वाटते. पण शून्याचा अहवाल आला नाही, तर गाव निरोगी आहे की कुणी पाहिलेच नाही, हे वरच्या माणसाला कळणार कसे? पोलिओच्या बाबतीत भारताने हे करून दाखवले. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, ते कळवायचे आणि 14 दिवसांच्या आत, एका दिवसाच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे, असा नियम गावोगावी पाळला गेला. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लुळेपणाच्या अशा हजारो खबरा शेवटी पोलिओच्या नसल्याचे आढळले. त्या नोंदल्या, तपासल्या गेल्या म्हणूनच पोलिओ संपला असे ठामपणे म्हणता आले.

देवणीसाठी याला आणखी एक बाजू आहे. हा तालुका कर्नाटकाच्या सीमेवर आहे. देवणी-वलांडीकडचा रुग्ण उदगीरला जातो, लातूरला जातो, तसाच भालकी-बिदरलाही जातो. निदान एका जिल्ह्यात आणि आजाराचे मूळ दुसऱ्या राज्यातल्या वाडीत, असे होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांनी रुग्णाचा राहता पत्ता नीट लिहिणे आणि रुग्णाने गावाचे, तांड्याचे नाव खरे सांगणे यावर सगळे अवलंबून असते. ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर गेलेल्यांनी कुठून आलो हेही सांगावे. बाहेरगावी उपचार घेतले असतील, तर परतल्यावर आशाताईंना कळवावे.

लोक खबर द्यायला का कचरतात, याचाही विचार केला पाहिजे. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. पण पुण्यात घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण अशा रीतीने झाले की, लोक रुग्ण लपवू लागले. ती भीती आजही क्षयाच्या रुग्णात दिसते. मुलीचे लग्न मोडेल, कामावरून काढतील, गावात बोभाटा होईल. म्हणून नोंद गुप्त ठेवणे हे कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहे. क्षयाची नोंद 2012 पासून बंधनकारक आहे आणि त्यात खासगी डॉक्टरही आले. 2018 च्या अधिसूचनेने औषध दुकानदारांवरही ही जबाबदारी ठेवली. नोंद झाली की रुग्णाला मोफत औषधे मिळतात, घरच्यांची तपासणी होते आणि पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. नोंद टळली, तर या सगळ्याला रुग्ण मुकतो.

खबर फक्त माणसांच्या आजाराचीच द्यायची असे नाही. देवणीचे नाव दूरवर पोहोचले ते इथल्या गाईबैलांमुळे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणी जातीचे प्रकार इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात. 2022 मध्ये राज्यातल्या जनावरांत लम्पी या त्वचारोगाची मोठी साथ पसरली. हा आजार माणसाला होत नाही, पण गोठा रिकामा करू शकतो. जनावरांच्या आजारांविषयीच्या 2009 च्या कायद्यानुसार अशा संसर्गजन्य आजाराचा संशय आला, तर मालकाने गावपातळीवर कळवलेच पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या उदगीरात कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. मेलेल्या कावळ्याला मालक नसतो. तरी त्याची खबर पोहोचली, म्हणून परिसरातल्या कोंबड्यांवर आणि माणसांवर वेळीच लक्ष ठेवता आले.

तेव्हा एवढे करा. एका वस्तीत दोन-चार घरांत एकाच वेळी जुलाब, उलट्या, कावीळ किंवा ताप दिसला, मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, तापाबरोबर पुरळ आले किंवा पक्षी-जनावरे एकाएकी मरू लागली, तर त्याच दिवशी आशाताई, सिस्टर किंवा सरपंचांना सांगा. ते भेटले नाहीत, तर आरोग्यासाठी 104 आणि जनावरांसाठी 1962 हे क्रमांक आहेत. गाव, वस्ती, किती जण आजारी आणि कधीपासून, एवढे सांगितले की पुरे. संशय चुकीचा निघाला, तर कुणाचे काहीच बिघडत नाही. खरा निघाला, तर तुमच्या एका फोनने शेजारच्या घरातले मूल वाचेल.

(पुढच्या आठवड्यात : खबर मिळाल्यावर आरोग्य पथक गावात नेमके काय करते?)