न दिसणारे दुखणे

तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आंबागडचा जुना किल्ला आहे. भोवताली सारा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी लागली, की बाया दिवसभर बांधीतल्या चिखलपाण्यात वाकून उभ्या असतात. भिजणे, गारठा, अतिश्रम, पाण्यावाचून राहणे यांनी धडधाकट माणूस थकतो. सिकलसेलच्या रोगी बाईला मात्र यातली एकेक गोष्ट अंथरुणाला खिळवू शकते.

पूर्व विदर्भातल्या अनेक घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याची नोंद केली. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. प्राणवायू कमी पडला, की रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत, पोटात कळा उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच संपते. म्हणून अशक्तपणा कायमचा.

पण घराची खरी परीक्षा पुढेच असते. हे दुखणे दिसत नाही. ना जखम, ना प्लॅस्टर. काल पाणी भरणारी आई आज उठत नाही आणि परवा पुन्हा चुलीपाशी दिसते. ‘नेमके कामाच्या वेळीच कसे दुखते?’ असे कुणीतरी बोलून जाते. अहो, कामच ते दुखणे ओढवून आणत असते! रोजी बुडते. थोरली शाळा बुडवून भात टाकते. धाकटा आईच्या चेहऱ्यावरून आजचा दिवस ओळखायला शिकतो. आई कळ गिळून हसते, आणि पुढच्या वेळी तिचे कुणाला खरे वाटत नाही.

तिचे खरे मानले, की पुढचे सोपे होते. भरपूर पाणी, ऊब, विश्रांती आणि डॉक्टरांनी दिल्यास हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या यांनी कळांचे झटके कमी होऊ शकतात. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे दिसले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

प्रश्न मुलांचाही आहे. आई रोगी आणि वडील पूर्ण निरोगी असतील, तर सारी मुले वाहक होतात, रोगी नव्हे. वडील वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला रोगाची शक्यता निम्मी. म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्ताची तपासणी पाहावी. २०१६ च्या कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वात स्थान दिले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचे लक्ष्य २०४७ आहे.

सरकार तपासणी करील, गोळ्या देईल. पण ‘आज तू बांधीत उतरू नकोस’ हे वाक्य घरातल्याच कुणाला तरी, आईने मागण्याआधी, बोलावे लागेल.