तोडेदार बंदुकीची ने-आण : नळी सोडवावी, कापूं नये

जुन्या घराण्यांत दप्तराच्या रुमालांशेजारीं एखादी तोडेदार बंदूकही पुष्कळदां आढळते. रुमाल बगलेंत मारून नेतां येतात. परंतु साडेपांच-सहा फूट लांबीची बंदूक गाडींत कशी घालावी, हा प्रश्न संग्राहकापुढें उभा राहतो. नळी किंवा दस्ता कापून तो सोडविण्याचा मोह कोणास होऊं नये, म्हणून या बंदुकीची रचना व तत्संबंधीं कायदा यांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीची नळी बहुधा लांकडांत कायमची जखडलेली नसते. ती खोबणींत बसवून चामड्याच्या वाद्या, तारेचे वेढे किंवा धातूचे पट्टे यांनीं आवळलेली असते. हीं बंधनें सोडवितांच नळी व दस्ता वेगळे होतात व ओझें आंखूड होतें. मात्र तत्पूर्वीं नळी रिकामी असल्याची खात्री करावी. गज तळापर्यंत सोडून त्यावर खूण करावी व तितकीच लांबी बाहेरून मोजावी. गज कानाच्या पुष्कळ अलीकडे अडला, तर आंत जुना बार असण्याचा संभव आहे. जुनी दारूही पेट घेऊं शकते. अशी बंदूक जाणत्या कारागिराकडेच सोंपवावी. प्रत्येक पट्ट्यास अनुक्रमांकाची चिठ्ठी बांधावी, म्हणजे जुळणी पूर्ववत् होते.

आतां कायदा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें घेतली. त्याचें ६ वें कलम परवान्यावांचून नळी आंखूड करण्यास मनाई करतें. ४५ व्या कलमांत पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट आहे खरी. पण दुरुस्तीनेंही जें उडूं शकणार नाहीं, त्यासच ती आहे. केवळ वय पुरेसें नाहीं. शिवाय शस्त्राच्या व्याख्येंत त्याचे भागही येतात. तेव्हां नळी वेगळी केल्यानें परवान्याची गरज टळत नाहीं. शंभर वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या पुरावस्तु अधिनियमामुळें खासगी व्यक्तीस देशाबाहेरही पाठवितां येत नाहीं.

कायदा व संशोधन यांचा कल येथें एकाच बाजूस आहे. बिकानेरच्या शस्त्रागारांतील हत्यारांवर ठिपक्यांनीं उठविलेल्या देवनागरी नोंदी आढळतात. त्यांवरून वस्तूचें मूळ ठिकाण कळतें. अशी खूण नळीवर कोठेंही असूं शकते, व सोडविलेल्या नळीची लांकडाखाली झांकलेली बाजूही प्रथमच पाहावयास मिळते. म्हणून नळी सुटी असतांनाच मापें, खुणा व अक्षरें टिपून घ्यावीं. पत्राचा मायना फाडून उरलेला मजकूर जपणारास आम्ही संग्राहक म्हणणार नाहीं. नळी कापणाराची गोष्टही तशीच होय.