रशियन इतिहासातील स्थित्यंतरे : लिपी व लेखन यांची साक्ष

राष्ट्राच्या इतिहासातील वळणे सामान्यतः लढाया, राज्याभिषेक आणि तह यांच्या सनांवरून मोजली जातात. ती मोजण्याचे आणखी एक साधन म्हणजे त्या राष्ट्राची लिखित भाषा होय. रशियाच्या बाबतीत हे साधन विशेष उपयोगी पडते; कारण तेथील बहुतेक मोठ्या स्थित्यंतरांबरोबर कोणी, कोणत्या अक्षरांत आणि कोणासाठी लिहावयाचे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

पहिले वळण इ. स. ९८८ चे. कीव्हचा राजा व्लादिमिर याने बायझंटाइन ख्रिस्ती संप्रदाय स्वीकारला. धर्माबरोबर जे ग्रंथ आले ते ग्रीक भाषेत नव्हे, तर स्लाव्ह भाषेत. सिरिल व मेथोडियस या बंधूंनी नवव्या शतकात आरंभिलेल्या भाषांतरांची ही परंपरा होती. ही धर्मभाषा मूळची दक्षिण स्लाव्ह लोकांची. कीव्हच्या प्रजेला ती कळे, परंतु घरात कोणी ती बोलत नसे. या द्वैताची खूण आजही दिसते. 'नगर' या अर्थाचा धर्मभाषेतील शब्द 'ग्राद', तर बोलीतील शब्द 'गोरोद'. लेनिनग्राद या नावात पहिला आहे, तर नोव्हगोरोद या नावात दुसरा. बोलीचेही लेखन होत असे, याचा पुरावा १९५१ मध्ये नोव्हगोरोद येथील उत्खननात मिळाला. भूर्जाच्या सालीवर कोरलेली अशी हजाराहून अधिक पत्रे तेव्हापासून उजेडात आली असून त्यांत कर्जाच्या याद्या, घरगुती निरोप आणि तक्रारी आहेत. कीव्हच्या या वारशातून पुढे रशियन, युक्रेनियन व बेलारुशियन अशा तीन भाषा विकसित झाल्या, हेही विसरता कामा नये.

दुसरे वळण मंगोल आक्रमणाचे. १२३७ ते १२४० या काळात बातूच्या सैन्याने रियाझान, व्लादिमिर व कीव्ह ही नगरे उद्ध्वस्त केली. मंगोलांच्या अधिसत्तेखाली करवसुली व व्यापार यांतील तुर्की, फार्सी व अरबी शब्द रशियन भाषेत शिरले. रशियन 'काझ्ना' आणि मराठी 'खजिना', 'सुंदूक' आणि 'संदूक', 'बाझार' आणि 'बाजार' या जोड्या एकाच उगमाच्या आहेत. मात्र त्या दोन निरनिराळ्या वाटांनी दोन भाषांत पोहोचल्या. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नर व बीदरपर्यंत गेलेला त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन याच्या प्रवासवृत्तात रशियन वाक्यांच्या मध्येच तुर्की-फार्सी मिश्रणातील प्रार्थना येतात, याचे नवल वाटावयास नको.

१४८० नंतर मॉस्को स्वतंत्र झाले आणि १५४७ मध्ये चौथ्या इव्हानने 'त्सार' ही पदवी धारण केली. हा शब्द 'सीझर' या नावावरून आलेला आहे. तथापि लेखनाच्या दृष्टीने खरा संघर्ष सतराव्या शतकातला आहे. १६५३ पासून धर्मप्रमुख निकोन याने ग्रीक ग्रंथांच्या आधारे धर्मग्रंथ व विधी यांत दुरुस्त्या केल्या. येशूच्या नावात एक अक्षर वाढविले गेले. श्रद्धासूत्रातील 'परंतु' या अर्थाचे 'अ' हे एकाक्षरी अव्यय वगळले गेले. जुन्या आचाराच्या अनुयायांच्या मते पवित्र शब्दातील अक्षर बदलणे म्हणजे श्रद्धाच बदलणे होते. त्यांचा नेता अव्वाकूम याला १६८२ मध्ये जिवंत जाळण्यात आले. या पुराणमतवादी धर्मगुरूने आपले आत्मचरित्र मात्र साध्या बोलभाषेत लिहिले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पीटरच्या कारकिर्दीत प्रश्न उलट दिशेने सुटला. त्याने धर्मग्रंथांची अक्षरे धर्मग्रंथांकडेच ठेवली आणि ऐहिक पुस्तकांसाठी १७०८ मध्ये नवे, लॅटिन वळणाचे टंक सुरू केले. त्या टंकात छापलेले पहिले पुस्तक भूमितीचे होते, यातच सुधारणेचा सारा हेतू आला. १७१० मध्ये त्याने नको असलेली अक्षरे स्वहस्ते खोडून अंतिम वर्णमाला मंजूर केली. परंतु यामुळे शिक्षित वर्ग व शेतकरी यांच्यातील अंतर वाढले. पुढे सरदार-घराण्यांत फ्रेंच रुळली. लोमोनोसोव्हचे व्याकरण आणि त्यानंतर पुश्किनचे साहित्य यांनी एक समान वाङ्मयीन भाषा घडविली खरी. पण ती वाचणारे थोडेच होते.

या अंतराची किंमत १८६१ मध्ये दिसून आली. भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा मॉस्कोचे धर्माध्यक्ष फिलारेत यांनी भारदस्त धर्मभाषेच्या वळणावर रचला होता. सोबतचे नियम तर अधिकच क्लिष्ट होते. काझान प्रांतातील बेझ्दना गावी आंतोन पेत्रोव्ह या साक्षर शेतकऱ्याने ते नियम आपल्या परीने वाचले आणि त्यांत पूर्ण स्वातंत्र्य दिलेले आहे, असा अर्थ लावला. हजारो शेतकरी भोवती जमले. सैन्याने गोळीबार केला, अनेक लोक मेले आणि पेत्रोव्हला देहदंड झाला. १८९७ च्या खानेसुमारीत साम्राज्यातील साक्षरता सुमारे २१ टक्केच भरली.

१९१७ च्या क्रांतीशी जोडली जाणारी शुद्धलेखन-सुधारणा वस्तुतः त्सारच्या काळातली आहे. शाखमातोव्ह, फोर्तुनातोव्ह आदी भाषापंडितांच्या समितीने १९०४ मध्येच तिचा आराखडा केला होता. बोल्शेव्हिक सरकारने डिसेंबर १९१७ व ऑक्टोबर १९१८ च्या आदेशांनी ती सक्तीची केली. शब्दान्तीचे अनुच्चारित चिन्ह व काही अक्षरे गेली. 'शांती' व 'जग' या अर्थांचे दोन शब्द पूर्वी निरनिराळ्या अक्षरांनी लिहिले जात. ते आता एकरूप झाले. मराठीत १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा वाद झाला. परंतु रशियात देशत्याग केलेल्यांनी जुने लेखन कित्येक दशके निष्ठेचे चिन्ह म्हणून जपले. पंडितांची सुधारणा अशा रीतीने पक्षाची खूण ठरली.

सोव्हिएत राजवटीने १९१९ च्या आदेशाने ८ ते ५० वर्षे वयाच्या निरक्षरांना शिकणे बंधनकारक केले. तुर्की कुळातील भाषांना १९२० नंतरच्या दशकात लॅटिन लिपी दिली आणि १९४० च्या सुमारास तीच काढून सिरिलिक लादली. १९९१ मध्ये संघराज्य विसर्जित झाल्यावर अझरबैजान, उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान यांनी पुन्हा लॅटिन लिपीचे कायदे केले. रशियांतर्गत तातारस्तानने १९९९ मध्ये तसाच प्रयत्न केला. परंतु २००२ च्या संघीय कायद्याने प्रजासत्ताकांच्या राज्यभाषांना सिरिलिकचे बंधन घातले.

या सर्व घटनांतून एक सूत्र हाती येते. रशियात लिपी हे केवळ ध्वनी नोंदण्याचे साधन कधीच राहिले नाही. सत्तेने आपली सीमा तिच्याद्वारे आखली आणि प्रजेने आपली निष्ठाही तिच्याद्वारेच व्यक्त केली. अक्षर बदलणे सत्तेला सोपे गेले. त्या अक्षरांतून प्रजा काय वाचील, हे मात्र तिला ठरविता आले नाही. बेझ्दनाची घटना याची साक्ष देते.