परदेशी शाळेतील एक वर्ष : थोडी माहिती, थोडी सावधगिरी

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायला माणूस आला, की कारण बहुधा आजारपण असते किंवा लग्न. एके दिवशी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वेगळेच कारण घेऊन आले. त्यांची मुलगी दहावीत होती. अमेरिकेतील शाळेत एक वर्ष राहण्यासाठी तिची निवड झाली आहे, आज पैसे भरले नाहीत तर जागा जाईल, असे एका मध्यस्थाने त्यांना सांगितले होते. मुलगी कोणत्या गावी राहणार, कोणाच्या घरी, आणि कोणत्या शाळेत, असे तीन प्रश्न आम्ही विचारले. त्यांना एकाचेही उत्तर देता आले नाही. पावती त्यांनी परत खिशात ठेवली. पण सोबत आलेल्या मुलीने विचारले, "काका, म्हणजे आमच्यासारख्यांना जाताच येत नाही का?"

तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहोत.

जाता येते. मात्र ही योजना मुळात काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींना वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवक होते. 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' हे त्यांच्या संघटनेचे नाव. दुसऱ्या महायुद्धातही या संघटनेने तेच काम केले. युद्ध संपल्यावर तिच्या लोकांनी ठरविले, की निरनिराळ्या देशांतील मुले एकमेकांच्या घरी राहिली पाहिजेत. १९४७ साली १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले, आणि तेथून हा उपक्रम वाढत गेला. आज ही संस्था 'ए.एफ.एस.' या नावाने ओळखली जाते व भारतातही काम करते. रोटरीचीही १५ ते १९ वयोगटासाठी अशी योजना आहे.

म्हणजे ही सहल नव्हे, आणि परदेशात कायम स्थायिक होण्याची वाटही नव्हे. दुसऱ्याच्या घरी घरचे मूल होऊन राहायचे, तेथल्या शाळेत शिकायचे आणि परत यायचे, एवढाच तिचा अर्थ.

आता कामकाज पाहू. अमेरिकेत अशा विद्यार्थ्याला 'जे-१' प्रकारचा व्हिसा मिळतो. मुक्काम जास्तीत जास्त एका शैक्षणिक वर्षाचा असतो. योजना चालविणाऱ्या संस्थेला तेथील परराष्ट्र खात्याची मान्यता लागते आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी ते खाते प्रसिद्ध करते. ज्या घरी मूल राहते, त्या कुटुंबाला त्याबद्दल मोबदला मिळत नाही. ते स्वखुशीने मुलाला ठेवून घेतात. घरातील सर्व प्रौढ व्यक्तींची पार्श्वभूमी आधी तपासावी लागते. मुलाला झोपायला स्वतंत्र पलंग द्यावा लागतो. संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने दर महिन्याला मुलाशी व कुटुंबाशी संपर्क ठेवावा, असा नियम आहे. आरोग्य विमा सक्तीचा असतो.

'एफ-१' हा व्हिसा वेगळा. त्यावर सरकारी हायस्कूलमध्ये शिकायचे तर शिक्षणाचा पूर्ण खर्च स्वतः भरावा लागतो. मध्यस्थ मंडळी नेमका हाच फरक झाकून ठेवतात. म्हणून पहिला प्रश्न व्हिसा कोणता हा विचारावा.

पैशाचे काय? स्वखर्चाने जायचे तर संस्थेचे शुल्क आपल्यासारख्या नोकरदाराला जड जाते. परंतु शिष्यवृत्त्या असतात. अमेरिकन सरकारने २००२ मध्ये 'केनेडी-लुगार युथ एक्स्चेंज' ही योजना सुरू केली. तीतून भारतातीलही विद्यार्थी पूर्ण शिष्यवृत्तीवर गेले. विमानभाडे, विमा, शिवाय हातखर्चासाठी दरमहा रक्कम, हे सर्व त्यात होते. सरकारी योजनांचा निधी वर्षागणिक बदलतो, तेव्हा चालू वर्षाची माहिती संस्थेच्या अधिकृत कार्यालयातूनच घ्यावी.

एक अडचण मात्र आधीच ओळखावी. तेथील शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन मे-जूनमध्ये संपते. दहावीनंतर गेलेला विद्यार्थी परत येतो, तोवर त्याचे मित्र अकरावी संपवून बारावीत गेलेले असतात. वर्ष मागे पडू शकते. तेथले वर्ष येथे धरले जाईल का, हे मुख्याध्यापकांना व बोर्डाला जाण्यापूर्वी विचारून उत्तर लेखी घ्यावे. बारावीच्या वर्षी हा विचार करूच नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी थोडे बोलतो. आपल्याकडे पाहुण्याला तीनदा आग्रह केल्याशिवाय वाढत नाहीत. तेथे बहुधा एकदाच विचारतात. भिडेपोटी 'नको' म्हटले तर ते खरे मानले जाते, आणि तुम्ही उपाशी राहता. भूक असेल तर हो म्हणा. काय खाता व काय खात नाही, हे अर्जातच स्पष्ट लिहा. जेवणानंतर भांडी धुणे, स्वतःची खोली झाडणे ही घरच्या मुलांची कामे असतात. ती केल्याने कमीपणा येत नाही. पहिले काही आठवडे घरची फार आठवण येईल. पण रोज तासभर घरी फोनवर बोलत बसलात, तर त्या घरात मन रमणार नाही.

मुलींच्या पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. ती रास्तच आहे. एखाद्या कुटुंबाशी पटले नाही तर घर बदलून मागता येते, त्यात लाज नाही. त्रास होत असेल तर गप्प बसू नये. स्थानिक प्रतिनिधीचा आणि परराष्ट्र खात्याच्या मदत-वाहिनीचा क्रमांक मुलीने पाठ करून ठेवावा, व एक प्रत घरीही असावी.

निवडीत केवळ गुण पाहत नाहीत. मुलाखतीत मूल मोकळे बोलते का, आपल्या घराविषयी, गावाविषयी सांगू शकते का, हे पाहतात. सफाईदार इंग्रजीपेक्षा चुकत का होईना, पण न घाबरता बोलणे उपयोगी पडते. याची तयारी घरी करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

त्या मुलीने पुढे शाळेमार्फत रीतसर अर्ज केला. तिची निवड झाली नाही. तिच्या वडिलांची ठेव मात्र शाबूत आहे, आणि मुलगी आता अनोळखी माणसासमोर न अडखळता बोलते. यंदा तिचा धाकटा भाऊ नववीत आहे. त्याच्यासाठी माहिती विचारायला ते गृहस्थ आमच्याकडे येऊन गेले. या खेपेला तीन प्रश्न त्यांनीच कागदावर लिहून आणले होते.