सायकल ट्रॅक रिकामा दिसतो, म्हणजे पैसा वाया गेला का?

सौंसर : मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 च्या सुमारास सायकल ट्रॅक बांधला गेला. 2025 मध्ये एमएमआरडीएने तोच ट्रॅक काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरवलं. सायकली कमी आणि गाड्यांची कोंडी जास्त, असा हिशेब. मग प्रश्न येतोच, सायकल ट्रॅकवरचा खर्च वसूल होतो का?

ट्रॅक रिकामा का राहतो?

वांद्रे-कुर्ला संकुलाचा ट्रॅक मुख्यतः संकुलाच्या आतच होता. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवरून येणाऱ्याला आधी गर्दीतूनच वाट काढावी लागे. पुण्यातही तीच तऱ्हा. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात ट्रॅक आहेत, पण तुकड्या-तुकड्यांत. मध्येच दुचाकी उभी, कुठं हातगाडी, चौक आला की ट्रॅक गायब. 2017 मध्ये पुण्याने सुमारे 800 किलोमीटरच्या जाळ्याचा आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी भाड्याच्या सायकली आल्या. काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या.

नदीवर अर्धाच पूल बांधायचा आणि लोक जात नाहीत म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

जोडलेला ट्रॅक काय करतो?

स्पेनच्या सेव्हिल शहराने 2006 नंतर चार-पाच वर्षांत सुमारे 120 किलोमीटरचे, गाड्यांपासून वेगळे आणि एकमेकांना जोडलेले ट्रॅक बांधले. आधी शहरातल्या प्रवासात सायकलीचा वाटा अर्धा टक्का होता, तो सहा टक्क्यांच्या वर गेला. शहर तेच, लोकही तेच होते.

सायकल चालवतं कोण?

2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामाला जाणाऱ्यांची माहिती घेतली होती. त्यात सुमारे 13 टक्के लोक सायकलनं जात होते, तर कार-जीपनं जाणारे तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सायकल हा फक्त सकाळच्या व्यायामाचा शौक नाही. मजूर, चौकीदार, दूधवाले यांचं ते रोजचं वाहन आहे. हे लोक ट्रॅकवर दिसत नाहीत, कारण ट्रॅक त्यांच्या वाटेवर नसतो.

आपल्याकडं काय?

गावात सरकारी शाळा नसल्यानं दुसऱ्या गावी जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलांना मध्य प्रदेश सरकार मोफत सायकल देतं. तिकडे महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सरकार सायकल देतं, पण ती चालवायला सुरक्षित जागा देत नाही. पोरं महामार्गाच्या कडेनं, ट्रकांच्या बाजूनं जातात.

सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारगल्ल्यांत वेगळ्या ट्रॅकची गरज नाही. तिथं गाड्यांचा वेग कमी ठेवला तरी पुरे. गरज आहे ती गावातून शाळेपर्यंतच्या मोठ्या रस्त्यावर.

म्हणून ट्रॅकचा हिशेब करायचा तर दुपारी रिकामी पट्टी पाहून करू नये. शाळा भरताना आणि सुटताना त्या रस्त्यावर किती सायकली जातात, तेवढं मोजावं. ट्रॅक नसतानाही जे जीव मुठीत धरून जातात, ते त्याचे पहिले गिऱ्हाईक. रस्ता रुंदीकरणाचा पुढचा प्रस्ताव आला की पालकांनी आणि नगरसेवकांनी हा आकडा आधी मागावा.